डाव्या खिडकीतली जासई

चाकांनी धावपट्टी सोडली आणि शेजारच्या गृहस्थांनी खिडकी बंद केली. उशिरा तिकीट काढल्यामुळे मी मधल्या सीटवर होतो. म्हटलं, ‘‘दोन मिनिटं उघडी ठेवता का? आमचं गाव येईल आता.’’ त्यांनी ती जरा उघडून खाली डोकावून पाहिलं. ‘‘चिखल तर आहे सगळा,’’ म्हणाले आणि डोळे मिटले. नागपूर येईपर्यंत माझा राग गेला नाही. आजही गेलेला नाही.

२५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबईहून विमानं सुरू झाली, तेव्हापासून जो तो विचारतो, सीट कुठली घेऊ? धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं आणि आपल्याकडे वर्षाचा बराच काळ वारा समुद्राकडून येतो. म्हणून पश्चिमेकडे उड्डाण असेल तर डावीकडची ‘ए’ घ्या, पंखाच्या पुढची. जासई, अटल सेतू, न्हावा-शेवा बंदर, घारापुरी, सगळं त्याच बाजूला. हिवाळ्यात वारा डोंगराकडचा असला आणि विमान पूर्वेला उडालं, तर ‘एफ’ बरी. कर्नाळ्याचा सुळका तिकडे.

पण तो चिखल. आम्ही त्याला खार म्हणतो. बांध घालून समुद्राकडून मिळवलेली जमीन ती. उधाणाला बांध फुटला की भरल्या ताटावरून उठून धावायचं, कारण खारं पाणी एकदा आत शिरलं की भात गेलंच. पलीकडे मिठागरं, खाडीत जिताडा, चिंबोऱ्या, निवट्या. नवी मुंबईसाठी सरकारने हीच जमीन घेतली, तेव्हा तिच्या मोलासाठी आमच्या जासईचे नेते दि. बा. पाटील यांच्या मागे लोक उभे राहिले आणि १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचा हक्क त्या रक्तातून आला. त्याला चिखल म्हणायचं आणि झोपायचं?

मागे आईला पहिल्यांदा विमानात बसवलं, ते मुद्दाम ‘ए’वर, चौथ्या रांगेत. मला वाटलं, ती पूल बघेल, बंदरातली जहाजं बघेल. मी बोट दाखवत होतो, तिचं लक्ष नव्हतं. ती बांध शोधत होती.

‘‘आपली खार कुठं रं?’’

मी सांगितलं, तिथे आता कंटेनरचं यार्ड आहे. ती बोलली नाही. काचेवर एक बोट टेकवलं. विमान पुढे जात होतं आणि ते बोट काचेवरून मागे मागे सरकत होतं, यार्ड पंखाखाली जाईपर्यंत.

पुढच्या महिन्यात मावशीला न्यायचंय. तिचं तिकीट मी आजच काढलं. चौथी रांग, ‘ए’.