गुडघा सुजला, डोळे तपासले का?

संधिवात म्हटले की दादी-नानीचे गुडघे आठवतात. पण तो दोन-तीन वर्षांच्या मुलांनाही होतो. मूल सकाळी लंगडते, दुपारी खेळायला लागते, म्हणून "कुठे पडली असेल" असे म्हणून घरचे सोडून देतात. सांधा 6 आठवडे सुजलेलाच राहिला आणि दुसरे कारण सापडले नाही, तर तो बालसंधिवात असू शकतो.

आम्हाला आज बोलायचे आहे ते या मुलांच्या डोळ्यांबद्दल. यांतल्या काहींच्या डोळ्याच्या आत सूज येते. डॉक्टर तिला युव्हायटिस म्हणतात. गुडघ्याची सूज दिसते, ही दिसत नाही. डोळा बहुधा लाल होत नाही, दुखतही नाही. एका डोळ्याने अंधुक दिसू लागले तरी लहान मूल काय सांगणार? अम्मीला शंका येईपर्यंत बाहुली वेडीवाकडी झालेली असते, कधी मोतीबिंदू नाही तर काचबिंदू सुरू झालेला असतो.

ज्यांचा आजार 7 वर्षांच्या आत सुरू झाला, मोजकेच सांधे सुजले आणि रक्तात एएनए पॉझिटिव्ह आले, त्यांना धोका जास्त, मुलींना अधिक. अशा मुलांचे डोळे दर 3 महिन्यांनी स्लिट लॅम्पखाली तपासावे लागतात. भिंतीवरची अक्षरे वाचली म्हणजे डोळे ठीक, असे नाही. गुडघा बरा झाला तरी तपासणी चालूच ठेवायची, कारण डोळा गुडघ्याच्या मागे चालत नाही.

स्टिरॉइडचे थेंब मनाने बंद करू नयेत, आणि जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन् महिने आणूही नयेत. त्यांनीही डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदू होतो. मेथोट्रेक्सेट दिले असेल तर ते आठवड्यातून एकदाच. चुकून रोज दिले तर जिवावर बेतते. जुम्याचा दिवस ठरवला की लक्षात राहते.

दादी मायेने सुरमा घालतात. सुरम्याची सुन्नत आम्हालाही प्रिय आहे. पण बाजारातल्या कित्येक सुरम्यांत शिसे असते, ते मुलांच्या डोळ्यांत नकोच.

रमजानात थोरली मुले रोजा धरतात आणि थेंब इफ्तारपर्यंत राहून जातात. डोळ्यात औषध घातल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. मनात शंका असेल तर आपल्या मौलानांना आधीच विचारून घ्या, थेंबांची वेळ मात्र चुकवू नका.