मोठ्या तलावाच्या सर्व मालकांस

प्रति,
माननीय महापौर आणि आयुक्त, भोपाळ नगर निगम,
माननीय व्यवस्थापकीय संचालक, मध्य प्रदेश राज्य पर्यटन विकास निगम,
आणि तलावाच्या काठी आपापली पाटी लावून बसलेले इतर सर्व विभाग



एका तलावासाठी एवढे पत्ते लिहावे लागतात, यातच माझी निम्मी तक्रार आली. वेगवेगळी पत्रं लिहून झाली. पोच मिळते, पुढे शांतता. फार तर ‘हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही’ अशा वाटाण्याच्या अक्षता. त्या कोणी लावल्या ते सांगत नाही. सांगितलं तर बाकीच्यांना उगाच हायसं वाटेल. म्हणून हे एकच पत्र, सगळ्यांना, चारचौघांत.

तलावाची थोरवी तुम्हाला सांगायला नको. 2011 मध्ये राजा भोजाचा पुतळा उभा राहिला, ‘भोजताल’ हे नावही तेव्हाच मिळालं. पावसाळ्यात पातळी 1666.80 फुटांवर पोचली की भदभदा धरणाची दारं उघडताना पूजेला आणि फोटोला कोणी गैरहजर नसतं. त्या दिवशी तलाव सगळ्यांच्या अखत्यारीत येतो. दारं बंद झाली की पुन्हा वाटणी सुरू.

वाटणी अशी. पाणी उपसून आमच्या नळाला सोडायचं नगर निगमाने. बोट क्लबवर तिकिटं फाडायची पर्यटन निगमाने. जलक्रीडांची अकादमी क्रीडा विभागाची, वन विहारचा काठ वन खात्याचा, पाणथळ जागेच्या फायली एप्को या राज्याच्या पर्यावरण संस्थेत. कोलांस नदी ज्या शेतांतून खत आणि औषधं घेऊन येते त्यांतली बरीचशी सीहोर जिल्ह्यात, म्हणजे तिथलं कार्यालय आणखी वेगळं. 31 चौरस किलोमीटर पाणी, 361 चौरस किलोमीटर पाणलोट, आणि या सगळ्यात ‘हे लोक पितात, तेव्हा हे इथे चालणार नाही’ असं म्हणायचा अधिकार असलेली खुर्ची एकही नाही. शहराच्या सुमारे 40 टक्के रहिवाशांना या तलावाचं पाणी मिळतं, असं सरकारी कागदच वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. ते 40 टक्के लोक नेमके कोणाच्या खात्यात मोडतात, तेवढं कळवावं.

आता क्रूझचं बघा. ‘लेक प्रिन्सेस’ कित्येक वर्षं या पाण्यावर डिझेल जाळत फिरली, वर गाणी, खाली धूर. जोडीला मोटारबोटी. संध्याकाळी बोट क्लबच्या पायऱ्यांवर उतरून पाहिलं की कडेच्या दगडांना लागून भुट्ट्याची सालं, चहाचे कागदी पेले आणि त्यांच्या भोवती इंद्रधनुष्यी तवंग दिसायचा. शुद्धीकरण केंद्रात तुरटीने गाळ बसतो, क्लोरीनने जंतू मरतात. डिझेल उतरवायला या दोन्ही गोष्टी नाहीत, हे निगमाच्या कनिष्ठातल्या कनिष्ठ अभियंत्यालाही ठाऊक असतं. मग निगमाच्या जलविभागाने पर्यटनवाल्यांना हे कधी लेखी विचारलं? विचारलं असेल तर ते पत्र छापा, मी जाहीर माफी मागेन. कारण क्रूझ थांबवली ती तुमच्यापैकी कोणी नाही. एका नागरिकाला राष्ट्रीय हरित लवादाचं दार ठोठावावं लागलं, आणि 12 सप्टेंबर 2023 रोजी लवादाने पाणथळ जागांवरच्या क्रूझ आणि मोटारबोटींना मनाई केली. ज्या तलावाला 2002 पासून रामसर स्थळ म्हणून जगाची मान्यता आहे, त्यात डिझेल जाळू नये, हे ठरायला 21 वर्षं आणि एक खटला लागला.

त्याआधी पैसे नव्हते म्हणावं तर तेही नाही. 1995 पासून जपानच्या कर्जावर भोज वेटलँड प्रकल्प झाला, सुमारे 247 कोटींचा. पुढे अहमदाबादच्या ‘सेप्ट’ विद्यापीठाकडून तलावाचा आराखडा करून घेतला. तो 2013 मध्ये हाती पडला आणि लोकांसमोर न ठेवता कपाटात गेला. शहराची विकास योजनासुद्धा 2005 सालापर्यंतची, अजून तीच ओढतोय. कर्ज, आराखडा, योजना सगळं आहे. नाही ते उत्तर देणारं माणूस.

जानेवारी 2024 मध्ये केंद्राने इंदूर, उदयपूर आणि भोपाळ ही तीन नावं ‘रामसर पाणथळ शहर’ म्हणून पुढे पाठवली. वर्षभराने इंदूर आणि उदयपूर यादीत आले. भोपाळ बाहेर. इंदूरशी आपली जुनी चुरस आहे, तेव्हा निदान यावर तरी कोणाच्या नाकाला मिरच्या झोंबतील असं वाटलं होतं. कसचं काय.

आणि ही टोलवाटोलवी नुसती पाण्यापुरती नाही. 13 सप्टेंबर 2019 च्या पहाटे खटलापुरा घाटावर, छोट्या तलावात, गणपती विसर्जनाच्या नावा उलटून अकरा तरुण बुडाले. नावा कोणाच्या, घाट कोणाचा, लाइफ जॅकेट कोणी द्यायचं, हे प्रश्न मृतदेह काढल्यानंतर विचारले गेले. सणाच्या नावाने आमचं मराठी मन त्या पहाटेपासून धास्तावलेलं आहे.

आता डल सरोवराच्या धर्तीवर शिकारे आले आहेत. वल्ह्याने चालतात, धूर नाही. माझी त्यांच्याशी तक्रार नाही. माणसांनी तलावावर येऊच नये, असंही मी म्हणत नाही. मुंबईने आपल्या विहार तलावाच्या काठी लोकांना मज्जाव केला, तो त्यांचा मार्ग. न्यूयॉर्क शहर कॅट्सकिलच्या काही जलाशयांत सहलीच्या होड्या सोडतं, पण होडी आधी वाफेने धुवायची, परवान्याची खूण लावायची. आणि हे नियम करणारा विभाग तोच, जो शहराला पाणी पुरवतो. आपल्याकडे तिकीट विकणाऱ्याला पाण्याची जबाबदारी नाही आणि पाणी देणाऱ्याला तिकिटाबद्दल बोलायची सोय नाही.

तेव्हा मागणी एकच. तलावावर कुठलीही करमणूक सुरू करण्याआधी जलविभागाच्या अभियंत्याची लेखी परवानगी लागेल, आणि तो ‘नाही’ म्हणाला तर ते पर्यटन निगमापासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांना बंधनकारक असेल, असा नियम करा. पाण्याच्या तपासणीचा महिन्याचा अहवाल बोट क्लबच्या तिकीट खिडकीवर दराच्या शेजारी लावा. सेप्टचा आराखडा कपाटातून बाहेर काढा, त्यात न पटणारं असेल तर तसं सांगा.

उत्तर मात्र एकाच कागदावर आणि एकाच सहीने पाठवा. सह्या दोन दिसल्या, तर काहीच बदललेलं नाही असं आम्ही समजू.

आपला,
मोठ्या तलावाचं पाणी पिणारा भोपाळचा एक करदाता