काचेआडचे ऊन

विज्ञान प्रदर्शनांचा हंगाम आला की शाळाशाळांतून मातीचे ज्वालामुखी फेसाळू लागतात, पुठ्ठ्याच्या पवनचक्क्या फिरू लागतात आणि प्रमुख पाहुणे कौतुकाचे चार शब्द बोलून मार्गस्थ होतात. या गर्दीत एखादा विद्यार्थी काचेचा तुकडा, छोटासा अतिनील-मापक आणि आकड्यांनी भरलेली वही घेऊन कोपऱ्यात उभा असला, तर त्याच्यापाशी क्षणभर थांबण्याचीही कोणास गरज वाटत नाही. विज्ञानाची खरी उपासना मात्र त्या कोपऱ्यातच चाललेली असते, असे आम्हांस वाटते.

प्रयोग अगदी साधा. निरभ्र दुपारी मापक उन्हात धरून आकडा टिपावयाचा. मग त्यावर खिडकीची काच ठेवून पुन्हा टिपावयाचा. दुसऱ्या आकड्यास पहिल्याने भागले की काचेतून किती अतिनील प्रकाश पार झाला ते कळते. काच स्वच्छ असावी, मापकाचा कोन बदलू नये, ढग आल्यास थांबावे आणि प्रत्येक नोंद चारपाच वेळा घ्यावी, एवढीच पथ्ये.

उत्तर मात्र तितके साधे नाही. एकाचा मापक सांगतो की बराचसा प्रकाश पार झाला. दुसऱ्याचा सांगतो, जवळजवळ काहीच नाही. मग चुकले कोण? कदाचित कोणीच नाही. १८०१ साली रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडे, डोळ्यांस काहीच दिसत नसताना, सिल्व्हर क्लोराइड काळे पडताना पाहिले. तो अदृश्य प्रकाश एकजिनसी नाही. ३१५ ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचा त्याचा 'अ' पट्टा साधी काच बऱ्याच अंशी सोडते. २८० ते ३१५ नॅनोमीटरचा 'ब' पट्टा ती बहुतांशी अडविते. आपला मापक कोणत्या पट्ट्यास प्रतिसाद देतो, हे ज्याने विचारले त्याचा प्रयोग सफल झाला.

या आकड्यांचा संबंध थेट आपल्या घराशी पोहोचतो. त्वचेत 'ड' जीवनसत्त्व तयार होते ते 'ब' पट्ट्यामुळे. म्हणून बंद तावदानाआड बाळाला किंवा वृद्धांना उन्हात बसविल्याने ऊब मिळेल, जीवनसत्त्व नव्हे. उलट, काचेतून आत आलेला 'अ' पट्टा पडद्यांचे रंग उडवितो आणि त्वचेत खोलवर शिरतो. मोटारीच्या पुढील काचेत दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो. तो या किरणांना चांगलाच अटकाव करतो. बाजूच्या काचा बहुधा एकेरी असतात, त्यामुळे चालकाचा खिडकीकडील हात तितकासा सुरक्षित नसतो. आमच्या गोमंतकातील जुन्या घरांना तर काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने आहेत. त्यांतून किती अतिनील प्रकाश पार होतो, हे इथल्या विद्यार्थ्यांनी का मोजू नये?

परंतु मोजण्याची सवय लागावी अशी आमच्या प्रात्यक्षिकांची रीतच नाही. उत्तर आधी ठाऊक असते. नोंदी मागाहून त्याबरहुकूम बसविल्या जातात. न जुळणारा आकडा खोडून टाकणारा मुलगा पूर्ण गुण मिळवितो आणि तो प्रामाणिकपणे लिहिणारी मुलगी गुण गमावते. हे शिक्षण विज्ञानाचे नव्हे, लबाडीचे होय. आणि ते आपण कोवळ्या वयात देत आहोत, याची खंत कोणालाही वाटू नये, हे अधिकच शोचनीय आहे.

२८ फेब्रुवारी हा दिवस आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा करतो, तो १९२८ सालच्या रामन परिणामाच्या शोधाचे स्मरण म्हणून. त्या शोधाच्या आरंभीच्या निरीक्षणांत सूर्यप्रकाश आणि रंगीत गाळण्या यांचेच साहाय्य घेतले गेले होते. ऊन आमच्याकडे मुबलक आहे, काचेचीही वाण नाही. प्रत्येक माध्यमिक शाळेस एखादा साधा मापक देणे शिक्षण खात्यास जड जाऊ नये. मात्र त्याहून महत्त्वाचे हे की परीक्षकांनी प्रतिकृतीची सजावट पाहण्याऐवजी नोंदवही उघडावी आणि खोडलेल्या आकड्यांबद्दल विचारावे. हातच्या कांकणाला आरसा नको, हे खरे. परंतु जे डोळ्यांस दिसतच नाही, त्याच्यासाठी प्रामाणिक मोजमापाखेरीज दुसरा आरसा नाही.