दहा डॉलरचा दंड
पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या क्षमा सावंत २०१४ ते २०२३ अमेरिकेतल्या सिएटल शहराच्या नगरसेविका होत्या. महापौरांचा अर्थसंकल्प आला, की त्या भाडेकरूंना, कामगारांना जमवून ‘पीपल्स बजेट’ मांडायच्या: बड्या कंपन्यांवर कर लावा, त्यातून घरं बांधा. २०१८च्या मे महिन्यात कर्मचाऱ्यामागे २७५ डॉलरचा असा कर परिषदेनं एकमतानं मंजूर केला. अ‍ॅमेझॉननं डोळे वटारले आणि जूनमध्ये तो ७ विरुद्ध २ मतांनी गुंडाळलाही; विरोधात मत देणाऱ्या दोघींत सावंत होत्या. त्यांचा चढा सूर अनेकांना खुपायचा, मलाही कधीकधी खुपतो. पण खरं काम बारीक कलमांत दिसतं. भाडं थकलं तर घरमालकानं महिन्याला १० डॉलरपेक्षा जास्त दंड घ्यायचा नाही, हा २०२३चा नियम त्यांचा. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या थंडीत भाडं थकलं म्हणून कमी-मध्यम उत्पन्नाच्या भाडेकरूंना घराबाहेर काढायचं नाही, हा २०२०चा नियमही त्यांचाच. भाडेनियंत्रण मात्र त्यांना आणता आलं नाही, कारण सिएटल ज्यात येतं त्या वॉशिंग्टन राज्यानं १९८१मध्येच कायदा करून शहरांचे हात बांधून ठेवले होते.