मालकीचा तोरा

'ते भाडेकरू आहेत हो, त्यांना काय विचारायचे?' हे वाक्य सोसायटीच्या जिन्यात ऐकले नाही, असा नवी मुंबईकर विरळा. ते उच्चारणारे सद्‌गृहस्थ स्वतः कोणाच्या जमिनीवर राहतात, एवढेच आम्ही विचारू इच्छितो.

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या शिवारावर हे शहर वसवण्याचे ठरले, आणि येथले भूखंड सिडकोने विकले नाहीत, ते साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. पुढे ही मुदत ९९ वर्षांपर्यंत वाढवण्याची वाट मोकळी झाली, जमीन मालकी हक्काने मिळावी अशी मागणीही होत राहिली. पण पट्टा तो पट्टाच! ज्याने अशी सदनिका विकली, त्याला ना हरकत पत्राची आणि हस्तांतरण शुल्काची ओळख आहेच. थोडक्यात, मोठा भाडेकरू धाकट्या भाडेकरूला हिणवतो.

मालकीविषयी बोलण्याचा अधिकार कोणाला असेल, तर तो त्या गावांना. त्यांची भातशेती गेली, मिठागरे गेली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली ते उभे राहिले, आणि जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचा बळी घेतला. त्या शिवारावर नंतर येऊन राहिलेल्या आम्ही मालकीची ऐट मिरवावी काय?

ही ऐट नुसती बोलण्यात नसते. घर भाड्याने देणाऱ्या सभासदाकडून सोसायट्या मनाला येईल ते बिनभोगवटा शुल्क उकळत. अखेर १ ऑगस्ट २००१ रोजी शासनाला आदेश काढून ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर रोखावे लागले. त्याच ऐटीपायी एका मजल्यावर चार घरे आणि चार ड्रिल मशिने असतात, भिंतीला भोक मात्र वर्षातून एकदा पाडायचे. मोटारीचे तर विचारूच नका. ती चालते कमी, जागा अडवते अधिक. २०१८ साली शहरात युलूच्या भाड्याच्या सायकली आल्या, तेव्हाही 'स्वतःची घेता येत नाही का?' हा प्रश्न होताच.

आपल्या वाडवडिलांना हा कमीपणा ठाऊक नव्हता. एकेक बैल असलेले दोघे शेतकरी वारंगुळा करून जोडी जुळवीत. लग्नाची मोठी पातेली गावकीची असत, ज्याच्या घरी कार्य तो नेई आणि घासून परत ठेवी. (भाड्याचा धंदा करणाऱ्या कंपन्या हल्ली 'वाटून घेण्या'ची भाषा बोलतात. त्यांचा मीटर चालू असतो, गावकीचा नव्हता.)

खाजगी मालमत्ता हा माणसाचा हक्क आहे, असे कोणी आम्हांस बजावील. मान्य. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या 'रेरुम नोवारुम'मध्ये तो हक्क ठामपणे मांडला. पण गरजवंत समोर असता आपली वस्तू सर्वांची मानावी, हेही त्याच पत्रात आहे. पहिला भाग आपल्याला पाठ आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत सोसायटीच्या कार्यालयातील एक कपाट रिकामे करण्याचा ठराव मांडावा. त्यात शिडी ठेवा, ड्रिल ठेवा. आणि आजी-आजोबा गेल्यापासून माळ्यावर धूळ खात पडलेली चाकाची खुर्ची व वॉकर आधी खाली उतरवा. दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या आईला त्यांची आजच गरज असेल.