पाटण्याला गेल्यावर काय बघाल?

परवा पुण्याचा भाचा सुट्टीला चाळीसगावला आला आणि पहिल्याच दिवशी म्हणाला, "मामा, तुमच्या खान्देशात बघण्यासारखं आहे तरी काय?" राग आला, पण त्याचं तरी काय चुकलं? केळी, कापूस आणि ऊन, एवढीच आमची ख्याती! दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याला पाटण्याला घेऊन गेलो.

चाळीसगावपासून अठरा-वीस किलोमीटर. गौताळा अभयारण्याच्या डोंगरांच्या कुशीत चंडिकादेवीचं दगडी, हेमाडपंती देऊळ. आम्ही सगळे तिला पाटणादेवी म्हणतो. पावसाळ्यात गेलात तर धवलतीर्थाचा धबधबा आणि केदारकुंड. दम असेल तर जंगलातून वर पितळखोऱ्याची लेणी, इसवी सनापूर्वीची. नवरात्रात इथे पाय ठेवायला जागा नसते. नारळ फोडायचा, धबधब्यात भिजायचं, डबा खायचा आणि परत. मीही लहानपणापासून हेच करत आलो.

पण पाटण्याची खरी श्रीमंती डोळ्यांना दिसतच नाही, असं माझं मत आहे.

इथल्या देवळातला एक शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी १८६५ च्या सुमारास उजेडात आणला. लेख १२०७ सालचा. 'लीलावती' लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटण्यात मठ काढला आणि निकुंभ राजा सोइदेवाने त्याला दान दिलं. शेवटच्या ओळी चक्क जुन्या मराठीत आहेत. बाजारातल्या मालावरचं उत्पन्न मठाला, शिवाय दर तेलघाण्यामागे पळीभर तेल! म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आमच्या गावचे तेली गणिताच्या शाळेला तेल पुरवत होते. भास्कराचार्य मूळचे इथलेच की नाही, यावर विद्वानांचा वाद आहे. चालू द्या. मला त्या नातवाचं कौतुक वाटतं.

कारण माझे आजोबाही गणिताचे मास्तर. त्यांच्या वह्या होत्या, सुबक अक्षरात सोडवलेल्या उदाहरणांच्या. ते गेल्यावर घर रंगवायला काढलं तेव्हा आम्ही त्या रद्दीत घातल्या. किलोवर. त्यात एक वही तरी ठेवावी, असं कुणालाच सुचलं नाही. मलासुद्धा नाही...

भाच्याला हे सांगितलं तर तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मामा, त्या वह्यांत काय होतं?" मला एकही उदाहरण आठवेना.

म्हणून वाटतं, पाटण्याला आणखी बगीचे, कमानी नकोत. आपल्या जिल्ह्यातल्या शाळांनी सहलीला इथे यावं आणि गुरुजींनी देवळाच्या ओट्यावर बसून 'लीलावती'तलं एक गणित सोडवून घ्यावं. मोर आणि सापाचं घ्या. या रानात मोर आहेतच. तासाभराचं काम आहे, खर्च शून्य.

असो. आमच्या घरच्यांनो, कुणाच्या माळ्यावर आजोबांची एखादी वही उरली असेल तर जपून ठेवा, मी न्यायला येतो. आणि बाकीच्यांनो, पाटण्याला जरूर जा. देवीला नमस्कार करा, धबधब्यात भिजा, पण त्या नातवाची आठवण काढल्याशिवाय परत येऊ नका.