आधी तिथी, मग तिकीट

सहलीचे दिवस जवळ आले की आमच्या रावेरच्या शाळेत एकच चर्चा सुरू होते. यंदा कुठे? पालचा डोंगर झाला, सुकी नदीवरचं धरण झालं, अजिंठ्याची लेणी झाली. मग मागच्या बाकावरून हमखास एक आवाज येतो, “बाई, मले समुद्र पाह्याचा हाये!” आणि सगळा वर्ग त्याच्या बाजूने उभा राहतो.

खरंच आहे ते. आपल्या खानदेशातल्या कितीतरी मुलांनी समुद्र फक्त पुस्तकात आणि पडद्यावर पाहिलेला असतो. गंमत अशी, की आपली तापी मात्र रोज समुद्राला भेटते! मध्य प्रदेशात मुलताईला ती उगम पावते, आपल्या केळीच्या बागांजवळून वाहते आणि ७२४ किलोमीटरचा प्रवास करून सुरतजवळ अरबी समुद्राला मिळते. पाणी पोचलं, आपण राहिलो!

तर या वेळी आपण समुद्राची पहिली सहल कशी आखायची ते पाहू. ठिकाण ठरवू या रायगड जिल्ह्यातलं अलिबाग आणि तिथला कुलाबा किल्ला. सहल शाळेची असो की घरच्यांबरोबरची, आखणी सारखीच.

आता सांगा पाहू, सहल ठरवताना सगळ्यात आधी काय बघाल? कुणी म्हणेल गाडीचं वेळापत्रक, कुणी म्हणेल सुट्ट्यांची यादी, कुणी म्हणेल खर्च. ही तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण पहिल्या नंबराचं उत्तर वेगळंच आहे. आधी बघायची तिथी! हो, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत छापलेली, आजी उपवासासाठी बघते ना, तीच.

का बरं? सांगते.

कुलाबा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर भर समुद्रात उभा आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये त्याचं काम सुरू केलं आणि संभाजी महाराजांनी ते पुरं केलं. पुढे सरखेल कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं झालं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून या किल्ल्यावर चाल केली. पण किल्ला काही त्यांच्या हाती लागला नाही. असा हा किल्ला दिवसातून दोनदा आपलं रूप बदलतो. भरती असली की चहूबाजूंनी पाणी. ओहोटी झाली की पाणी मागे सरतं, वाळू आणि काळे खडक उघडे पडतात आणि माणसं चक्क चालत किल्ल्यात जातात! चुकीच्या वेळी पोचलात, तर एवढ्या लांबून येऊन किल्ला फक्त काठावरून बघायचा आणि परत फिरायचं.

नदी आणि समुद्र यांतला फरक इथेच आहे. आपली सुकी नदी एकाच दिशेने वाहते. पूर आला की पाणी चढतं, ओसरला की उतरतं. समुद्राला मात्र पूर लागत नाही, पाऊस लागत नाही. तो रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. हे काम मुख्यतः चंद्राचं. चंद्र समुद्राच्या पाण्याला आपल्याकडे ओढतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरता फिरता आपला किनारा त्या फुगलेल्या पाण्याखालून जातो, तेव्हा भरती. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूलाही पाण्याला तसाच फुगवटा येतो, म्हणून भरती दिवसातून दोनदा.

पण पृथ्वीची एक फेरी होईपर्यंत चंद्र काही थांबून राहत नाही. तोही थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला पृथ्वीला आणखी सुमारे ५० मिनिटं फिरावं लागतं. म्हणून आज भरती दुपारी दोन वाजता असेल, तर उद्या ती तीनला दहा मिनिटं कमी असताना येईल. म्हणजे समुद्राचं वेळापत्रक रोज बदलतं. ते कशाप्रमाणे? चंद्राप्रमाणे. आणि आपली तिथीही चंद्राप्रमाणेच चालते. जुळलं की नाही?

म्हणूनच कोकणातली माणसं तिथीवरून भरतीची वेळ काढतात. हिशेब अगदी सोपा आहे, चौथीच्या मुलालाही जमेल. तिथीच्या आकड्याला तीनने गुणा आणि चारने भागा. आला तो आकडा म्हणजे भरतीचे वाजले किती! शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच.

करून पाहू. चतुर्थी घ्या. चार त्रिक बारा, बाराला चारने भागलं की तीन. म्हणजे चतुर्थीला पहाटे तीनच्या आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे सकाळी नऊला आणि रात्री नऊला. आता अष्टमी घ्या. आठ त्रिक चोवीस, भागिले चार म्हणजे सहा. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास.

“मग अष्टमीलाच जाऊ की! भर दुपारी ओहोटी, आरामात जाता येईल,” असं एखादा हुशार म्हणेल. थांबा. इथे आणखी एक गोष्ट आहे. पौर्णिमा-अमावस्येला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात. दोघं मिळून पाण्याला ओढतात. तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही. हे उधाण. मुंबईच्या किनाऱ्यावर अशा वेळी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो; म्हणजे आपल्या वर्गाच्या छताहून जास्त! अष्टमीच्या सुमारास मात्र सूर्य एकीकडे ओढतो, चंद्र दुसरीकडे. तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. याला भांग म्हणतात. भांगाच्या दिवसांत ओहोटी असूनही वाटेत पाणी साचून राहू शकतं.

म्हणजे पौर्णिमेला पाणी छान उतरतं, पण वेळ अडचणीची. अष्टमीला वेळ छान, पण पाणी पुरतं उतरत नाही. मधला दिवस कोणता? चतुर्थी किंवा पंचमी! सकाळी नऊ-दहाच्या सुमारास ओहोटी आणि पाणीही बऱ्यापैकी मागे गेलेलं. किल्ल्यात सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, तेव्हा चतुर्थीला थोडी गर्दी असणार हे मात्र धरून चला.

आता तुम्ही म्हणाल, बाई, सगळ्या जगात असंच करावं लागतं का? नाही हो. इटलीचा अमाल्फी किनारा चित्रात पाहिला असेल. डोंगराच्या कड्यावर रंगीत घरं आणि खाली निळं पाणी. तिथे पहिल्यांदा जाणारा माणूस बसची आणि बोटीची वेळ बघतो, भरतीची फारशी चिंता करत नाही. कारण तिथल्या भूमध्य समुद्राला महासागराकडे जायला जिब्राल्टरची अरुंद सामुद्रधुनी तेवढी आहे, सगळ्यात चिंचोळ्या जागी जेमतेम १४ किलोमीटरची. त्यामुळे त्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीचा फरक फूटभराच्या आसपासच असतो. आपला अरबी समुद्र सताड उघडा! म्हणून एका समुद्राची रीत दुसऱ्याला लावू नये.

चला, आता वही काढा आणि आखणी करू.

पहिली गोष्ट, महिना. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. ऊन सोसवतं आणि समुद्र शांत असतो. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटी बंद असतात.

दुसरी गोष्ट, तारीख. दिनदर्शिकेत चतुर्थी-पंचमीवर खूण करा, मग ती शाळेच्या सुट्टीशी जुळते का बघा. तिथीचा हिशेब हा अंदाज आहे, तासाभराचा फरक पडू शकतो. म्हणून छापील भरती-कोष्टकाशी वेळ ताडून पाहायची. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी अशी कोष्टकं काढतो. समुद्र कधी खवळणार, याचा अंदाज हैदराबादचं भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र देतं. आणि शेवटचा शब्द किनाऱ्यावरच्या कोळीदादांचा. ते “आज नको” म्हणाले, की नको.

तिसरी गोष्ट, प्रवास. रावेर आपल्या भुसावळ-खंडवा रेल्वेमार्गावर. भुसावळहून मुंबई साधारण साडेचारशे किलोमीटर. रात्रीच्या गाडीने निघालं की सकाळी मुंबई. तिथून गेटवे ऑफ इंडिया, गेटवेहून बोटीने मांडवा आणि मांडव्याहून रस्त्याने अलिबाग. बोटीत बसणं हाही पहिलाच अनुभव! शाळेची सहल असेल तर एसटीने थेटही जाता येतं. शालेय सहलींना एसटी भाड्यात सवलत देते, तेव्हा मुख्याध्यापकांचं पत्र घेऊन आगारात आधी चौकशी करावी. काहीही करा, अलिबागला आदल्या दिवशी मुक्कामाला पोचा. सकाळची ओहोटी आपल्या बससाठी थांबत नाही.

चौथी गोष्ट, रिकामा वेळ. ओहोटी नसेल तेव्हा काय करायचं? अलिबाग गावात कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे. १७२९ मध्ये त्यांचं निधन झालं. तिथली चुंबकीय वेधशाळाही प्रसिद्ध आहे. पूर्वी ती मुंबईत कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे नाजूक चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून ती १९०४ मध्ये अलिबागला आणली. आत जायचं असेल तर आधी परवानगीचं पत्र पाठवा. नाहीतर बाहेरून पाहूनही ही गोष्ट मुलांना सांगता येईल.

पाचवी गोष्ट, किल्ला. उघडण्याची वेळ आणि तिकीट आधी विचारून ठेवा. ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि ओहोटीनंतर तासाभरात परत काठावर या. आत तीन गोष्टी नक्की शोधा. एक, तटाचे प्रचंड दगड. ते चुन्याने सांधलेले नाहीत, नुसते एकावर एक रचलेत. लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. दोन, गोड्या पाण्याची विहीर, खाऱ्या समुद्राच्या मधोमध! तीन, चाकांच्या गाड्यावरच्या तोफा. त्या थेट इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या कारखान्यातून आलेल्या आहेत.

सामान फार नको. पट्ट्याच्या चपला, टोपी, पाण्याची बाटली, एक जोड कपडे. डब्यात दशम्या आणि केळीचे वेफर्स. आणि एक रिकामी पिशवी, आपला कचरा आपल्याच गावाला परत आणायला.

आता दोन शब्द आईबाबांसाठी आणि माझ्या शिक्षक बंधू-भगिनींसाठी. मुलांनीही ऐकायला हरकत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले दहापेक्षा जास्त विद्यार्थी बुडून गेले. कॉलेजात शिकणारी, हातीपायी धट्टीकट्टी मुलं होती ती. ही गोष्ट घाबरवण्यासाठी सांगत नाही. पण आपली मुलं नदी-विहिरीवर वाढलेली. “मले पोहता येतं” हा त्यांचा भरवसा विहिरीच्या पाण्यावरचा असतो. विहीर कुणाला आत ओढून नेत नाही, समुद्र नेतो. परतणारी लाट पायाखालची वाळू काढून घेते, आणि भरतीचं पाणी नेहमी समोरूनच येतं असं नाही. सखल जागेतून ते मागच्या बाजूनेही भरत येतं.

म्हणून नियम साधे ठेवा. पाण्यात उतरायचं ते घोट्यापर्यंत, तेही मोठ्यांचा हात धरून. दर सात-आठ मुलांमागे एक मोठं माणूस. निघताना मोजणी, किल्ल्यात मोजणी, परत आल्यावर मोजणी. शेवाळलेल्या खडकावर कुणी चढायचं नाही. अडचण आली तर ११२ हा नंबर प्रत्येकाला पाठ हवा. आणि उशीर झाला, ओहोटी टळली, तर किल्ला राहू द्या. पैसे भरलेत, इतक्या लांबून आलोत, मुलं हिरमुसतील, हे सगळं खरं. तरी राहू द्या. किल्ला साडेतीनशे वर्षं तिथे उभा आहे, पुढच्या वेळीही असेल.

आणि एक विनंती. हा सगळा हिशेब मोठ्यांनी परस्पर करू नका. मुलांनाच करू द्या. ज्या मुलाने चार त्रिक बारा करून ओहोटीची वेळ स्वतः काढली, ते मूल नऊ वाजता पाणी मागे सरताना पाहील आणि आनंदाने ओरडेल. वेळेवर परत फिरायचं का, हेही त्याला दुसऱ्याने सांगावं लागणार नाही.

तर बालमित्रांनो, आजचा गृहपाठ. वद्य दशमीला तुम्ही सकाळी दहा वाजता अलिबागच्या किनाऱ्यावर पोचलात. पाणी चढत असेल की उतरत असेल? आणि पूर्ण ओहोटी साधारण किती वाजता? दिनदर्शिका लागणार नाही, पाढे लागतील. उत्तर पुढच्या अंकात!

तुमच्या,
बाई